कुठे दिसला?

'कुठे आहेस?' हा आपल्याकडे फोनवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असावा. 'कसा आहेस?' नंतर येतो, कधी येतही नाही. आई विचारते, मॅनेजर विचारतो, पार्सल घेऊन आलेला मुलगा विचारतो. उत्तर द्यायला आता बोलावंही लागत नाही. नकाशावरचा एक निळा ठिपका पाठवला की काम झालं.

इतका साधा प्रश्न. खरं उत्तर द्यावं, विषय संपला. पण आमच्या भागातल्या एका पक्ष्याची गोष्ट अशी आहे, की त्याच्या बाबतीत 'कुठे?' या प्रश्नाला एका माणसाने धडधडीत खोटं उत्तर दिलं आणि त्याचा शोध कित्येक वर्षं भरकटला. आज त्याच पक्ष्याच्या बाबतीत 'कुठे?' विचारलं, तर माझ्यासारखे लोक गप्प बसतात. पत्ता दोन्ही वेळा लपलेलाच. मग त्या लबाड माणसात आणि माझ्यात नेमका फरक काय? फरक नसेल, तर मी गप्प बसणं सोडायला हवं. असेल, तर तो मला नीट सांगता यायला हवा. कारण तो मला एका अकरा वर्षांच्या मुलाने विचारला होता आणि 'तू लहान आहेस' हे काही उत्तर होत नाही.

*

आधी पक्ष्याची गोष्ट.

दोंडाईच्याहून निघालं, सारंगखेड्याला तापी ओलांडली, की पुढे शहादा. साधारण तासाभराची वाट. नोव्हेंबर १९९७ मध्ये या शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या जंगलात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे अमेरिकेतून आलेले तीन पक्षी-अभ्यासक भटकत होते. एका सकाळी उघड्या फांदीवर त्यांना एक छोटं, गुबगुबीत, मोठ्या डोक्याचं घुबड दिसलं. भर उजेडात, आरामात बसलेलं. तो रानपिंगळा होता. त्याआधीचा त्याचा शेवटचा खात्रीचा पुरावा १८८४ सालचा. मधे ११३ वर्षं गेली होती.

रानपिंगळा म्हणजे आपल्या गावातला, चिंचेच्या ढोलीतून डोळे वटारून बघणारा पिंगळा नव्हे. दोघं चुलतभाऊ म्हणा. गावातल्याच्या डोक्यावर-पाठीवर पांढरे ठिपके भरपूर असतात, रानातल्याच्या जवळजवळ नसतात. रानातल्याचं पोट पांढरं, शेपटीवर रुंद पट्टे, आणि तो दिवसा शिकार करतो. आकाराने साळुंकीएवढाच, पण पंजे बघितले तर मोठ्या घुबडाचे शोभावेत असे.

१८७२ साली ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला आजच्या छत्तीसगडच्या बाजूला त्याचा पहिला नमुना मिळाला. पुढच्या वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हाच ह्यूम पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होता. मग १८८० च्या दशकात खानदेशात नेमणुकीवर असलेला सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन याने शहादा-तळोद्याकडे आणखी काही पक्षी मारून त्यांच्या कातड्यांत कापूस भरून ठेवला. तेव्हा फोटो म्हणजे हेच. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून सात नमुने, त्यांतले बरेचसे आमच्या मातीतले.

त्या सातांपैकी एक मात्र वेगळाच होता. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: १९१४, मांडवी, सुरतजवळ. खाली नाव कर्नल रिचर्ड माइनरट्झहागेन. मोठा फौजी अधिकारी, मोठा पक्षी-तज्ज्ञ, दबदबा असलेला माणूस. म्हणजे पक्षी १९१४ पर्यंत तरी होता आणि गुजरातेत होता, असं सगळे धरून चालले. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनीही त्याचा शोध घेतला. तो सापडला नाही.

सापडणार कसा? १९९९ साली रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी सिद्ध केलं, की मांडवीचा तो पक्षी मुळात मांडवीचा नव्हताच. तो डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला. माइनरट्झहागेनने तो संग्रहालयातून चोरला, आतला कापूस बराचसा बदलला, नवी चिठ्ठी बांधली आणि आपल्या नावावर चढवला. तरी डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा त्यात राहिल्याच होत्या. १९९७ च्या शोधाआधी रासमुसेनला या चिठ्ठीचा संशय आला होता, म्हणून त्या तिघांनी मांडवी सोडून जुन्या, खऱ्या ठिकाणांवर भर दिला. ती ठिकाणं पालथी घालत ते शेवटी शहाद्याला आले आणि पिंगळा दिसला.

पिंगळा 'हरवला' होता तो कागदावर. सागाच्या रानात तो होताच. खोटा होता तो फक्त पत्ता.

*

आता आमच्या घरची गोष्ट.

मी पुण्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि वर्षातले बरेच महिने दोंडाईच्याच्या घरूनच काम करतो. गेल्या हिवाळ्यात माझे काका-काकू न्यू जर्सीहून आले. सोबत त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, आणि तिचा अकरा वर्षांचा मुलगा. काका अडुसष्ट वर्षांचे. गुडघ्यांचं दुखणं असं, की 'यानंतर कधी येणं होईल, सांगता येत नाही' हे वाक्य ते दिवसातून दोनदा म्हणायचे.

ताईने तिकडे बसल्या-बसल्या पुण्यातून एक कॅम्पर व्हॅन ड्रायव्हरसकट भाड्याने ठरवली होती. अमेरिकेत ते 'आरव्ही' म्हणतात. आत चार माणसांची झोपायची सोय, छोटा ओटा, फ्रिज, पाण्याची टाकी आणि एक इवलासा संडास. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून असल्या गाड्या कोकणात-महाबळेश्वराकडे दिसायला लागल्यात. दोंडाईच्याच्या गल्लीत मात्र ही पहिलीच असावी. अर्ध्या तासात निम्मी गल्ली आत डोकावून गेली. आजीने बाहेरून एक फेरी मारली, दाराला हात लावला आणि विचारलं, "हाई काय शे? घर शे का गाडी?"

प्रश्न बरोबर होता. तसं आमच्याकडे घर सोबत घेऊन फिरणं नवं नाही. धुळे जिल्ह्यातले ठेलारी धनगर घोड्यांवर संसार लादून मेंढरांमागे फिरतातच. ऊसतोडीला गुजरातेत जाणारी कुटुंबं भांड्याकुंड्यांसकट ट्रॅक्टरात बसतात. फरक एवढाच, की ते पोटासाठी फिरतात आणि आम्ही हौसेसाठी. त्यांना रस्त्यात अडवून 'कोण, कुठले' विचारतात. आम्हाला सेल्फी मागतात.

बेत असा होता: दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा, मग म्हसावद-राणीपूरवरून तोरणमाळ. दोन रात्री मुक्काम. सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेतला घोडेबाजार चालू होता, तिथे भाच्याने दोनशे फोटो काढले. वाटेत लाल मिरचीच्या पथाऱ्या दिसल्या, तिथे आणखी पन्नास. त्याच्याकडे बरा कॅमेरा होता, लांबची लेन्स होती आणि डोक्यात एकच गोष्ट होती: रानपिंगळा. त्याने येण्याआधीच सगळं वाचलेलं. "मामा, इट्स फ्रॉम युअर प्लेस!" मला म्हणायचा. त्याच्या शाळेतल्या कुणाच्याच आजोबांच्या गावाच्या नावावर एवढा दुर्मीळ पक्षी नव्हता. हा त्याच्या अभिमानाचा विषय होता. काकांच्याही.

*

आम्हाला सकाळी दोनच मिळणार होत्या.

पहिल्या सकाळी काहीच दिसलं नाही. म्हणजे बरंच काही दिसलं. कोतवाल, सुतार, हरोळ्या, धुक्यात बुडालेली दरी. पण जे बघायला आलोय ते दिसलं नाही, की बाकी सगळं 'काही नाही' होऊन जातं. दुपारी व्हॅनच्या ओट्यावर काकूंनी घरून आणलेलं भरीत गरम केलं, कळण्याची भाकरी होतीच. जेवता जेवता भाचा म्हणाला, माझ्या फोनमध्ये त्याचा आवाज आहे, स्पीकरवर लावू. आवाज ऐकला की तो येतो.

हे खरं आहे. आपल्या हद्दीत दुसरा नर ओरडतोय असं वाटून पक्षी तपासायला येतो. संशोधकही मोजणी करताना ठरावीक पद्धतीने, मोजून-मापून आवाज वाजवतात. वाट दाखवायला सोबत असलेला तिथला तरुणही म्हणाला, "लावा ना साहेब, सगळे लावतात." काका म्हणाले, "एकदाच लाव. आपण काय रोज येतोय?"

मी नको म्हणालो.

का, ते तेव्हा नीट सांगता आलं नाही. आता सांगतो. 'आपण काय रोज येतोय?' हे वाक्य मनापासूनचं होतं. काकांचं गावी येणं खरंच एकदाचंच होतं. पण असं वाक्य तिथे येणारी प्रत्येक गाडी म्हणते. प्रत्येकाचं 'एकदाच' खरं असतं आणि त्या सगळ्यांची बेरीज पक्ष्याच्या बाजूने 'रोज' होते. मला एकदा, त्याला रोज. शिकार सोडून, ढोलीवरची राखण सोडून, अस्तित्वातच नसलेल्या शत्रूशी भांडायला रोज उडत जायचं.

पाहुणा आणि राहणारा यांच्यातला हा हिशेब बहुतेक वेळा पाहुण्याच्या लक्षात येत नाही, कारण त्याला फक्त आपलं 'एकदाच' दिसतं. घरीही हेच चाललं होतं. ताईला आजीचा चुलीवर भाकरी थापतानाचा व्हिडिओ हवा होता. आजी गेली वीस वर्षं गॅसवर भाकरी करते. तरी चूल मांडली, धूर केला, आजीने नऊवारी नेसून भाकऱ्या थापल्या. मला वाटलं, हाही स्पीकर लावण्यातलाच प्रकार. पण आजीला म्हणालो, "दमलीस ना?" तर म्हणाली, नातीला हौस आहे, करू दे. मग कळलं, हे तसं नाही. आजीला माहीत होतं की हा खेळ आहे. तिने होकार दिला होता, आणि 'आता पुरे' म्हणायचा हक्कही तिच्याकडेच होता. पिंगळ्याला आपण हे विचारू शकत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याकडून काही घेताना हात आखडता ठेवावा, एवढं माझं म्हणणं.

दुसऱ्या सकाळी रस्त्यापासून आत चालत गेलो. काका गुडघ्यांमुळे व्हॅनमध्येच थांबले. पाऊण तासाने एका निष्पर्ण सागावर तो दिसला. शेपटी झटकली, मान पूर्ण मागे वळवून आमच्याकडे बघितलं, अर्धा-पाऊण मिनिट बसला आणि उताराकडे गेला. भाच्याला तीन फोटो मिळाले. दोन हललेले, तिसऱ्यात अर्धा पक्षी फांदीमागे. पण डोक्यावर ठिपके नाहीत हे स्वच्छ दिसतं. तो नाचला.

व्हॅनमध्ये परत आल्यावर काकांनी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो बघितला. "मस्त," म्हणाले. मग थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "मला तर नाही ना दिसला."

स्पीकर लावला असता तर कदाचित तो रस्त्यापर्यंत आला असता. त्यांना दिसला असता. हे मी आजही नाकारत नाही. तत्त्वाची किंमत अनेकदा तत्त्व सांगणारा देत नाही, शेजारी बसलेला माणूस देतो. म्हणून ते तत्त्व चुकीचं ठरत नाही. पण ज्याने किंमत दिली, त्याच्यासमोर ते मिरवू नये, एवढं मला त्या परतीच्या शांत प्रवासात समजलं.

*

खरा पेच शहाद्याला रेंज आल्यावर सुरू झाला.

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्रेचाळीस जण आहेत. ताईने फोटो टाकला. दोन मिनिटांत 'कुठे दिसला?' चार वेळा आलं. एक मावसभाऊ फोटोग्राफीवाला, त्याचे मोठे ग्रुप आहेत. तो म्हणाला, "डॉक्युमेंट म्हणून पाठव, क्वालिटी जाते."

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबला जातो आणि त्यातली बरीचशी आतली माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. त्या फाइलच्या पोटात तारीख, वेळ, लेन्स यांच्यासोबत अक्षांश-रेखांशही असतात, कॅमेऱ्यात जीपीएस चालू असेल तर. भाच्याच्या कॅमेऱ्यात होतं. दशांशचिन्हापुढे पाच आकडे म्हणजे साधारण एक मीटर. जीपीएसची चूक धरली तरी निदान झाड कळतं. डेव्हिडसनच्या कातड्याला बांधलेल्या चिठ्ठीवर फार तर गावाचं नाव असायचं. आमच्या चिठ्ठीवर झाड होतं, आणि ती चिठ्ठी डोळ्यांना दिसतही नव्हती.

मी भाच्याला म्हटलं, लोकेशन काढून टाकू, आणि कुणी विचारलं तर 'सातपुड्यात' एवढंच सांगू.

तो म्हणाला, "बट दॅट्स व्हॉट द बॅड गाय डिड."

मी म्हटलं, त्याने खोटं सांगितलं, आपण फक्त सांगत नाही आहोत.

"पण शोधणाऱ्याला तर सापडणार नाहीच ना? रिझल्ट सेम." आणि पुढे, "आपल्याला माहीत आहे, बाकीच्यांना नाही. इज दॅट फेअर?"

*

या पोराच्या प्रश्नावर जगातली मोठी माणसं भांडून गेली आहेत.

१७९७ साली, म्हणजे शहाद्याला पिंगळा सापडण्याच्या बरोबर दोनशे वर्षं आधी, इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने एक छोटा निबंध लिहिला. तुमचा मित्र तुमच्या घरात लपलाय. मारेकरी दारात येऊन विचारतो, तो कुठे आहे? उत्तर टाळता येत नसेल, तर खोटं बोलावं का? कांट म्हणतो, नाही. मारेकऱ्याशीही नाही. कारण खोट्याने शब्दावरचा विश्वासच उखडला जातो, आणि ते नुकसान एका माणसाचं नसतं, सगळ्यांचं असतं.

आपल्याकडे महाभारताच्या कर्णपर्वात हाच प्रसंग आहे, फक्त निकाल उलटा. कौशिक नावाचा तपस्वी, नेहमी खरंच बोलायचं हे त्याचं व्रत. दरोडेखोरांना घाबरून पळालेली माणसं त्याच्यासमोरून रानात जाऊन लपतात. मागून दरोडेखोर येतात आणि विचारतात, ते कुठे गेले? कौशिक खरं सांगतो. माणसं मारली जातात आणि सत्यवादी कौशिक नरकात जातो. ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला सांगतो, तीही अर्जुन प्रतिज्ञेखातर युधिष्ठिरावर शस्त्र उचलायला निघालेला असताना. कृष्णाच्या म्हणण्यात पायऱ्या आहेत. न बोलता सुटका होत असेल तर बोलूच नये. गप्प राहण्यानेच संशय येणार असेल, तर अशा वेळी खोटं बरं.

दोन्ही गोष्टींत प्रश्न 'कुठे?' हाच आहे, हे बघून मी चकित झालो. लोकेशन शेअर करण्याचा नैतिक पेच फोनपेक्षा कितीतरी जुना आहे.

पण मारेकरी आणि दरोडेखोर यांचं एक बरं असतं. ते मारेकरी आणि दरोडेखोर असतात. आमच्या ग्रुपवर विचारणारा माझा मावसभाऊ होता. त्याला पिंगळा मारायचा नव्हता, आवडीने बघायचा होता. त्याच्या ग्रुपमधल्या प्रत्येकालाही. पिंगळ्याला धोका एका दुष्टाचा नाही, शंभर प्रेमळ माणसांचा आहे. एका झाडाभोवती रविवारी सकाळी चाळीस ट्रायपॉड लागतात, त्यात एकही वाईट माणूस नसतो. कौशिकाच्या गोष्टीत याचं उत्तर नाही.

दुसरी बाजूही हलकी नाही. मी ओपन सोर्सवर वाढलेला माणूस आहे. माहिती दाबून ठेवणाऱ्यांबद्दल मला मुळातच संशय येतो. 'जपण्यासाठी लपवतो' हे वाक्य किती जणांनी वापरलंय! पत्ता लपवला, की तो काही मोजक्यांची मालमत्ता होतो. ज्याची ओळख आहे, ज्याच्याकडे महागडी लेन्स आहे, त्याला तो कळतोच. कळत नाही तो एसटीने येणाऱ्या पोराला. शिवाय पूर्ण गुपित पक्ष्यालाही घातक ठरतं. ज्या रानात काय आहे हे कुणी लिहूनच ठेवलं नाही, तिथून रस्ता काढायचा ठरला तर 'इथे काही नाही' म्हणणं किती सोपं! १९९७ नंतर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संशोधकांनी तोरणमाळच्या जंगलात वर्षानुवर्षं या पक्ष्याचा अभ्यास केला. पुढे मेळघाट, यावल, २०१४ मध्ये तर थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो नोंदला गेला. अशी खरी ठिकाणं नोंदली गेली म्हणूनच २०१८ साली त्याचं नाव 'अतिसंकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' मध्ये आणता आलं. सगळेच गप्प बसले असते, तर तो अजून कागदावर हरवलेलाच राहिला असता.

म्हणजे सांगणं घातक आणि न सांगणंही घातक.

*

मला वाट दिसली ती माझ्याच धंद्यात.

आयनॅचरलिस्ट नावाची एक साइट आहे, तिथे जगभरातले लोक पशुपक्ष्यांच्या नोंदी टाकतात. धोक्यातल्या प्रजातीची नोंद टाकली, की ती साइट नेमका ठिपका दाखवत नाही. साधारण वीस-बावीस किलोमीटर लांब-रुंद चौकोनात कुठेतरी एक बिंदू दाखवते, आणि सोबत स्पष्ट लिहिते, की हे ठिकाण मुद्दाम धूसर केलेलं आहे. खरे आकडे आत जपून ठेवलेले असतात. नोंद करणाऱ्याला ते दिसतात, आणि ज्या अभ्यासकावर त्याचा विश्वास आहे त्याला तो ते दाखवू शकतो. ईबर्डवरही काही प्रजातींच्या नोंदी लोकांपासून अशाच राखून ठेवतात.

कोडच्या दृष्टीने ही किरकोळ गोष्ट आहे. पण नीतीच्या दृष्टीने त्यात तीन गोष्टी वेगळ्या केल्यात, ज्या आपण बोलताना एकत्र कालवतो.

एक, खोटं कुठेच नाही. आत लिहिलेलं ठिकाण खरंच आहे. माइनरट्झहागेनने खरी चिठ्ठी नष्ट केली. त्याच्यानंतर ती कुणालाच वाचता येणार नव्हती.

दोन, झाकलंय हे झाकलेलं नाही. समोरच्याला कळतं, की इथे पडदा आहे. तो चिडू शकतो, वाद घालू शकतो, परवानगी मागू शकतो. खोट्या पत्त्याने हे सगळे हक्क जातात, कारण आपल्याला फसवलंय हेच त्याला माहीत नसतं. शोधणारा मांडवीला जातो आणि वर्षं घालवतो. गप्प बसलेल्या माणसाशी भांडता येतं, खोटं बोललेल्याशी भांडायचंही सुचत नाही.

तीन, दार बंद असलं तरी त्याला किल्ली आहे. प्रश्न फक्त 'कुठे?' एवढाच राहत नाही. कोण विचारतंय, आणि कळल्यावर ओझं कोण उचलणार, हेही त्यात येतं. वनखातं, अभ्यासक, त्या रानात राहणारी माणसं, यांना खरं सांगायचं. नुसतं सांगायचं नाही, आपणहून सांगायचं. जो बघून निघून जाणार आहे, त्याला चौकोन पुरे.

म्हणून भाच्याच्या 'रिझल्ट सेम' ला माझं उत्तर असं: सारखाच दिसतो, पण सारखा नाही. खोट्या चिठ्ठीने पक्षी सगळ्यांपासून, कायमचा, आणि न सांगता तोडला. धूसर चौकोनाने तो काही जणांपासून, काही काळ, सांगून दूर ठेवला.

आणि 'इज दॅट फेअर?' ला? इथे मी त्याला पूर्ण जिंकू दिलं. नाही, पूर्ण फेअर नाही. आपण बघितलं आणि दुसऱ्याला अडवतोय, हे खरंच आहे. हा अन्याय थोडा कमी करायचा एकच मार्ग मला सुचतो: जो नियम दुसऱ्याला, तोच आपल्याला. त्या झाडाकडे आपणही परत जायचं नाही. माहीत असूनही नाही. किल्ली आपल्या खिशात आहे म्हणून दार रोज उघडायचं नसतं.

त्याने विचार केला आणि म्हणाला, "इव्हन इफ आजोबा वॉन्ट्स टु सी?"

व्हॅनमध्ये सगळे ऐकत होते. मी काही बोलायच्या आत काकाच म्हणाले, "आजोबांना गावातला पिंगळा दाखव. माझ्या लहानपणी आपल्या वाड्यामागच्या चिंचेवर होता."

हे त्यांनी मोठ्या मनाने म्हटलं की रागाने, मला ठरवता आलं नाही. थोडं थोडं दोन्ही असावं. मावसभावाला आम्ही साधा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं: 'ठिकाण मुद्दाम देत नाही आहोत.' त्याचा 'ठीक आहे' दोन दिवसांनी आला. खरी नोंद, पाचही आकड्यांसकट, जिथे द्यायची तिथे दिली.

*

आता तुम्ही म्हणाल, लेखभर तोरणमाळ, राणीपूर, शहादा लिहिलंस की. लिहिलं. ती नावं पंचवीस वर्षांपासून छापील शोधनिबंधांत आहेत, आणि आमचा मुक्काम तोरणमाळला होता हे खरं आहे. पण तो सागाचा उतार वाटेत आधी होता, की नंतर, की भलत्याच फाट्यावर, हे मी लिहिलेलं नाही. आणि लिहिलेलं नाही, हे तुम्हाला सांगतो आहे.

यावर तुम्ही माझ्याशी भांडू शकता. ती सोय शिल्लक आहे ना, एवढंच मला बघायचं होतं.